रिकामी खुर्ची

नात कॉलेजसाठी विषमतेवर निबंध लिहितेय. काल आमच्याकडे भांडी घासणाऱ्या शांताबाई नेहमीसारख्या फरशीवर बसून चहा पीत होत्या, तर नात वही घेऊन त्यांच्याशेजारी खालीच बसली. मी आपली खुर्चीत, एकटीच उंचावर! विषमता म्हणजे पुस्तकातलं काहीतरी मोठं, असं मला वाटायचं. ती तर माझ्याच स्वयंपाकघरात दीड फूट उंचीची निघाली. शेजारची खुर्ची रिकामीच असते हो. पण बारा वर्षांत ‘बसा’ म्हणायचं सुचलंच नाही मला.

“शांताबाई, माझ्या गुडघ्यांना खाली बसवत नाही. तुम्हीच वर या.”

त्या हसल्या. “माझेपण दुखतात की, काकू! बसताना काही नाही, उठताना फार.”

आणि नातीच्या खांद्यावर हात टेकवून त्या उठल्या.