बनुबाईची मांडी

पलूसजवळच्या वस्तीवर बनुबाईचा दरारा होता. नवरा आकाराम फौजेतून निवृत्त होऊन घरी येईपर्यंत म्हशी, ऊस आणि दोन पोरी तिनं एकटीनं सांभाळल्या. कुणी ‘बिचारी’ म्हटलं की तिला शिवी दिल्यासारखं वाटे.

एका सकाळी धार काढताना म्हैस बिथरली आणि तिचं शिंग बनुबाईच्या डाव्या जांघेत घुसलं. सांगलीच्या डॉक्टरांनी तुटलेली नस जोडली. जखम भरली, पण बनुबाई उभी राहिली की गुडघा दुमडायचा आणि ती कोसळायची.

“माजा पाय मेला व्हय गं?” सांगलीच्या दवाखान्यातून व्यायाम शिकवायला आलेल्या ब्राह्मी मगदूमला तिनं विचारलं.

“नाही मावशी. गुडघा वाकवा बरं.” वाकला. “मांड्या जवळ घ्या.” घेतल्या. “आता पाय सरळ करा.”

पाय ढिम्म.

ब्राह्मीनं मांडीवर बोट फिरवत सांगितलं, “मागच्या स्नायूंची नस वेगळी, आतल्या बाजूची वेगळी. त्या धडधाकट आहेत. गुडघा ताठ धरणाऱ्या पुढच्या स्नायूंना जांघेतल्या नसेचा हुकूम लागतो. तीच तुटली होती. आता ती वाढत खाली येईल. पण दिवसाला बाजरीच्या दाण्याएवढीसुद्धा नाही.”

“येऊ दे की सावकाश. मी कुटं पळून चाललीया?”

आकाराम म्हैस विकायला निघाला, तर तिनं त्यालाच दटावलं. गुडघ्याला पट्टा बांधून, स्टुलावर बसून, त्याच म्हशीची धार काढू लागली. मांडी वाळत गेली. बायका हळहळल्या की ती म्हणे, “नस वाटंत हाय.”

उन्हाळा सरता सरता ब्राह्मीच्या बोटाखाली मांडी किंचित थरारली.

“मावशी, पुन्हा!”

बनुबाईनं दात आवळले. पुन्हा थरारली. आकारामनं डोळे पुसले. “रडताय काय फौजी असून?” ती म्हणाली आणि तिनं पुन्हा दात आवळले.

मग गुडघ्याची वाटी सरकली, टाच बाजेवरून उचलली, पट्टा सुटला. दिवाळीनंतर तपासणीला दोघं सांगलीच्या दवाखान्यात गेली, तेव्हा लिफ्ट सोडून ती जिन्याकडं वळली. आकाराम मागून हात पसरून चालू लागला.

“हात मागं घ्या. लोकांना वाटंल, तुमीच चढवताय.”

डावा पाय वर, मांडी ताठ, मग उजवा. वर पोचल्यावर तिला धाप लागली होती. पदर कमरेला खोचून ती ब्राह्मीसमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “पोरी, लाव हात मांडीला. बघ कशी दगडावाणी झालीया!”