भिंतीवर आमच्या घराचा नंबर

माशीमांनी भिंतीवरच्या वर्तमानपत्रातून आमच्या यांचं नाव वाचलं, मग गल्ली वाचली, मग घराचा नंबरही वाचला. मागे सात-आठ माणसं उभी होती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आमच्या दाराकडे.

आदल्या दिवशी पोलीस यांना कचेरीतून घेऊन गेले होते. हे रेशनच्या कचेरीत कारकून. खोटी रेशनकार्डं केल्याचा आरोप होता.

कलकत्त्यात बालीगंजच्या आमच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या भिंतीला रोज सकाळी वर्तमानपत्र चिकटवत. मी मराठी चौथी शिकलेली, बंगाली बोलता येई, पण अक्षर ओळखता येत नसे. शेजारच्या बंगाली बाई, माशीमा, मला बौमा, म्हणजे सूनबाई, म्हणत आणि वाचून दाखवत. आज कोण पकडला गेला, हे मीच आधी विचारी. ऐकायला मजा वाटे. खोटं कशाला सांगू?

त्या सकाळी त्याच भिंतीवर पलीकडे एक बाई गोवऱ्या थापत होती. तिच्या टोपलीतला शेणाचा गोळा मी उचलला आणि बातमीवर थापला.

माशीमा शांतपणे म्हणाल्या, "बौमा, तांदूळ आमच्या ताटातला गेलाय. कोणी नेला ते आम्हाला कळायला नको?"

"कळू दे. पण कोर्ट अजून काही बोललेलं नाही. आणि घराचा नंबर कशाला? त्या घरात माझी मुलगी राहते."

त्यांनी शेण पुसलं नाही. त्यांचं चुकत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तांदळाच्या रांगेत मीही उभी राहत होते.

हे जामिनावर सुटून आले ते घरातच बसले. कोर्टाच्या तारखेखेरीज उंबरा ओलांडत नसत. मराठी मंडळींकडची हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. माझ्यामागे मुलीला घेऊन माहेरी जा, असं हे एकदा जेवता जेवता म्हणाले. मी यांचा दाढीचा वस्तरा तांदळाच्या डब्यात लपवला.

आठ महिन्यांनी कोर्टाने यांना निर्दोष सोडलं. खोट्या कार्डांवर यांचा शिक्का वापरणारा दुसराच निघाला. त्यानंतर पंधरा दिवस मी माशीमांकडून जाहिरातींसकट सगळा कागद वाचून घेतला. आमच्याबद्दल एक ओळ नव्हती.

मग माशीमांनी निकालाची नक्कल मागून नेली, वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या आणि खळ शिजवली. चिकटवण्याआधी मला विचारलं, "घराचा नंबर घालू?"

"घाला," मी म्हटलं.

घरी येऊन यांना सांगितलं, पाहायचं असेल तर आत्ताच जा, थोड्या वेळाने गोवऱ्यावाली येईल. यांना बंगाली वाचता येई. भिंतीपाशी बराच वेळ उभे राहिले, आणि तिथून तसेच बाजारात गेले. पिशवी नेली नव्हती. धोतराच्या सोग्यात वांगी घेऊन आले.

दुपारी त्या पानावर गोवऱ्या होत्या. वस्तरा मी पुन्हा जागेवर ठेवला. यातून हे, मी आणि मुलगी, तिघंही जगलो.