रुळाच्या तुकड्याची घंटा

सन २०२३. माझं वय शहात्तर. पांढुर्णा जिल्हा होणार ही बातमी नवीनच होती, आणि त्या दिवशी पोळा होता. मी शिकलो दुसरीपर्यंत, पण रेल्वेच्या छोट्या लाइनीवर चौतीस वर्षं काटेवाला होतो आणि माझ्या हातून एकही गाडी चुकीच्या रुळावर गेली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे.

आमचं जुनं स्टेशन रामाकोन्याच्या अलीकडं. एक खोली, टिनाचं छप्पर, एक कडुनिंब. निंबाला हातभर रुळाचा तुकडा तारेनं टांगलेला, तीच घंटा. मागच्या स्टेशनावरून गाडी सुटली की मी एक टोल द्यायचो, मग तिकिटं फाटायची. इंजिन दिसलं की दोन. दोन टोल ऐकले की बगिच्यातले लोक संत्र्याच्या टोपल्या डोक्यावर घेऊन धावत यायचे, आणि गार्डही त्यांच्यासाठी थांबायचा. गावात घड्याळं कमी होती. माझ्या टोलावर बाया चुलीवर भाकर टाकत.

मोठी लाइन टाकायची म्हणून छोटी बंद झाली. मी तेव्हा रिटायर होतो. रूळ उचलणारे यायच्या आदल्या संध्याकाळी मी घंटा उतरवली, पोत्यात गुंडाळली आणि घरी बैलांच्या कोठ्यात आणून कुटाराच्या ढिगाखाली ठेवली. माझ्या मते ती माझीच होती. दुसऱ्या दिवशी गाव विचारू लागलं, घंटा गेली कुठं? माझा शेजारी भंगाराचा धंदा करतो. पारावर मी एवढंच म्हटलं, "लोखंड कोणाच्या घरी जाते, तुमाले मालूम नाही काय?" नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. लोक त्याला घंटाचोर म्हणू लागले. त्याचं माझ्या घरी चहाला येणं बंद झालं. आठ वर्षं मीही पोळ्याला माझे बैल पूजेसाठी त्याच्या दारी नेले नाहीत.

तर त्या पोळ्याला नातीचा व्हिडिओ फोन आला. ती जपानात दवाखान्यात नर्स आहे. तिला बैल पाहायचे होते. मी बैलांकडं फोन धरला, पण एक कोपरा सांभाळून. त्या कोपऱ्यात घंटा होती. पोळ्याला औत, जू, दोर सगळ्यांची पूजा होते, तशी मी दर साली घंटाही बाहेर काढून धुतो, हळद-कुंकू लावतो आणि हळूच एक टोल देतो. त्या दिवशीही दिला होता.

नात एका लहानशा स्टेशनावर बसून बोलत होती. लाकडी खोली, चहूकडं धानाची शेतं. तिथली लाइनही बंद झालेली, पण गावच्या म्हाताऱ्यांनी स्टेशन राखलं होतं. भिंतीवर स्टेशनाची हकीकत लिहिलेली. ती मला वाचून सांगत गेली: जमीन कोणी दिली, पहिला मास्तर कोण, बर्फ पडला तेव्हा रूळ कोणी मोकळे केले. झाडणाऱ्या बाईचंही नाव होतं. मी म्हटलं, आमचं स्टेशन काय कमी आहे? ती हसली आणि म्हणाली, "आबा, मग तुमीच सांगा, मी लिहून पाठवते. पेंटरकडून खोलीवर पाटी काढून घेऊ. आणि घंटा चोरीले गेली, हेही लिहू ना?"

माझ्यानं हो म्हणवलं नाही. बोललेलं वाऱ्यावर जातं. पाटीवरचं मी मेल्यावरही राहणार, आणि चौतीस वर्षांच्या माझ्या नोकरीखाली माझंच खोटं राहणार. नंतर सांगतो म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी पोळ्याचं तोरण तुटून बैल सुटल्यावर मी बैल सरळ शेजाऱ्याच्या दारी नेले. त्याची बायको दचकली, पण तिनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी चारली. तो ओट्यावर बसून होता. मी उभ्यानंच म्हटलं, "घंटा माह्या कोठ्यात हाय. म्याच नेली होती."

"मालूम हाय," तो म्हणाला. "दर पोळ्याले तू एक टोल देतं, आयकू येते. कोठ्याची भीत एकच हाय ना बे आपली."

"मंग बोलला काऊन नाही?"

"तू कवा सांगतं, थेच पाहून राहिलो होतो. आठ वर्ष लावले बुढ्यानं."

माफी मागायची मला सवय नाही. पण त्या दिवशी मागितली. त्यानं ऐकून घेतली आणि विचारलं की एवढं लोखंड स्टेशनावर नेणार कोण. मी म्हटलं, मीच. तो म्हणाला, कंबर पाहा आपली, माझा हातठेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव गोटमारीच्या, दगडफेकीच्या जत्रेला पांढुर्ण्याला जायला म्हणून जुन्या स्टेशनापाशी बसची वाट पाहत उभं होतं. भंगाराच्या ठेल्यावर घंटा ठेवून आम्ही दोघं तिथं पोचलो. मी निंबाला नवी तार बांधली, घंटा टांगली, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की ही मी नेली होती, यानं नाही, आणि दोन टोल दिले.