भिंतीची आठ भोकं

गेल्या वर्षी १२ ऑगस्टला सकाळी साडेसातला कारध्याच्या आमच्या घरामागे तिघं उभे होतो: मी, मिस्त्री आणि खालच्या घरातली काकू. अंगणाची भिंत पाडून नव्याने बांधायचे मिस्त्रीने एक लाख दहा हजार सांगितले. पण तोवर ती उभी राहील का, हेच कळत नव्हतं.

आमचं अंगण भरण टाकून उंच केलेलं. ती माती सहा फुटी भिंतीने अडवलेली, आणि भिंतीपासून चार फुटांवर काकूची सैपाकाची खोली. दोन दिवस पाऊस सुरू होता. आदल्या संध्याकाळी ओळंबा लावला तेव्हा भिंतीचं पोट सव्वा इंच पुढे होतं. आता दोन इंच.

“भाऊ, मी खाली आठ पाईप सोडले होते. कुठी गेले?” मिस्त्रीने विचारलं.

“बुजवले.”

“काहून?”

त्यांतून काकूच्या अंगणात चिखलपाणी यायचं. धानाच्या बांधीच्या पाळीला, म्हणजे शेताच्या बांधाला, खेकड्याने भोक पाडलं की मातीचा लोंदा ठोकून ते बुजवायचं, ही लहानपणापासूनची सवय. तशीच आठही पाईपांत मी चिकणमाती ठासली होती.

“अंगणात धान लावाचा होता का?” मिस्त्री म्हणाला. “मातीचा रेटा भीत झेलते. मागं पाणी तुंबलं तं त्याचाबी रेटा थे कशी झेलंल?”

पाईप उघडायचे ते खालूनच, भिंतीच्या पुढे आलेल्या पोटाजवळ उभं राहून. मिस्त्रीने सळई हातात धरली, पण जागचा हलला नाही. मी ती घेतली.

पहिल्यातून नुसता चिखल ओघळला. दुसऱ्यात सळई हातभर आत गेली आणि पाणी असं सुटलं की काकूच्या दारावर आदळलं.

“माहे तांदूळ!” काकू आत धावली.

“काकू, आत नोको जाऊ!”

ती तांदळाचा अर्धा भिजलेला कट्टा ओढतच बाहेर आली. “तू आपलं काम कर ना! माह्याकडे काय पाहून राहिला?”

तिसरं. चौथं. मी मोजत होतो. आठवं उघडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. मिस्त्रीने वरून ओळंबा सोडला.

“दोन.”

अर्ध्या तासाने पुन्हा. “दोनच.”

दुपारीही दोन.

पाऊस उघडल्यावर वरची तीन फूट माती काढली. मातीची उंची निम्मी झाली की रेटा पाव होतो. भिंत पाडावी लागली नाही. काकूने तांदळाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाली, “पैसे ठेव तुह्यापाशी. पाण्याले रस्ता करून दे.”

त्या दिवशीची मजुरी, माती काढणं आणि काकूच्या अंगणातून पक्की नाली, असे शेवटी मिस्त्रीला चौदा हजार दोनशे दिले.