आईचे गुडघे आणि रानातली फुलं

सुरेखाबाईंना ताज्या फुलांशिवाय पूजा केल्यासारखी वाटायचीच नाही. चिंचवडला कुंपणाबाहेर डोकावणारं फूल देवाचंच, हा बाईंचा साधा हिशेब. लेकीकडे, स्मिताकडे, परदेशी आल्या आणि पहिल्याच आठवड्यात कॉन्डो सोसायटीच्या बागेतली तगर पहाटे परडीत! मॅनेजमेंटचं पत्र आलं. स्मिता लाजेनं अर्धमेली झाली आणि आईला बोलू नये ते बोलली. त्यानंतर बाईंनी नुसत्या अक्षतांवर देव भागवले. फुलाला बोट लावलं नाही. पण लेकीचा विश्वास उडाला तो उडालाच.

अशात दीक्षाचा फोन आला. ही स्मिताची मैत्रीण, झाडांवर संशोधन करणारी. वादळी पावसानं हवा एकदम गार झाली, की नऊ दिवसांनी इथली कबुतरी ऑर्किडं सगळी एकदम फुलतात आणि एका दिवसात कोमेजतात. गेल्या शुक्रवारी तसा पाऊस झाला होता.

"रविवारी आमच्या पंधरा जणांच्या ग्रुपबरोबर बुकित तिमाह टेकडीवरच्या जुन्या रानात जाऊ सगळे," दीक्षा म्हणाली. "काकूंना आण हं."

आईचं परतीचं विमान सोमवारचं. ती शनिवारीच बूट पुसून बसली. स्मिता म्हणाली, "चढ आहे आई, तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही." गुडघ्यांचं नुसतं निमित्त हो! आईनं तिथं फूल खुडलं तर पंधरा जणांत शोभा होईल, ही खरी धास्ती.

आई "बरं" म्हणाली.

रविवारी स्मिता एकटीच गेली. रानात फुलं होती ती उंच फांद्यांवर, पांढरीशुभ्र, काठीच्यासुद्धा टप्प्यात न येणारी. वाट डांबरी. पंच्याहत्तरीची एक चिनी आजी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. स्मिताला स्वतःची चीड आली. टॅक्सीनं आईला बोलवावं असं एकदा मनात आलंही, पण गुडघ्यांचं कारण दिल्यावर आता दीक्षाला काय सांगायचं, म्हणून तिनं फोन पर्समध्ये टाकला.

घरी येऊन तिनं आईला फोटो दाखवले. बाईंनी चष्मा लावून एकेक नीट पाहिला.

"मी तोडीन म्हणून नेलं नाहीस ना?"

स्मितानं फोन पालथा ठेवला.

"लहानपणी एसटीत दर खेपेला ओकायचीस तू, माझ्या पदरात," आई शांतपणे म्हणाली. "लोक नाकं मुरडायचे. पण तुला घरी ठेवून मी कधी कुठं गेले नाही."