श्रीपतीनं चहा सोडला अन् मला ठसका लागला

आता काय सांगू तुम्हाला, ऐकून हसाल! पण चहा सोडणं हे शेजाऱ्याकडं बघून करायचं काम नाही, एवढं मला आमच्या महाळुंग्यात भर दुपारी, चारचौघांत कळलं.

आमचा शेजारी श्रीपती अंगारकीला लेण्याद्रीला गेला आणि गणपतीपुढं चहा सोडून आला. नुसता सोडला नाही, घरातली चहाची पुडीसुद्धा उकिरड्यावर भिरकावली. झालं! पारावर एकच विषय, "मन लई घट्ट बगा श्रीपतीचं!" अहो, चहाच सोडला होता ना? का एकट्यानं इंग्रज घालवला होता?

तेही सोसलं असतं. पण आमची सखू भाकरी थापता थापता म्हणते कशी, "श्रीपतीभावजींवानी जिद्द पायजे गड्याला. येरागबाळ्याचं काम न्हाई ते!"

येरागबाळा म्हणजे कोण? घरात तिसरं माणूस नव्हतं!

मी तडक पारावर गेलो आणि ओरडलो, "आजपास्नं मीबी चहा सोडला!" कुणी मान वर करील तर शपथ. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "बरं केलंस. श्रीपतीनंबी सोडलाय."

आणि दोन दिवस चहा नाही म्हणताच डोकं असं धरलं! डोक्यात जसा गुऱ्हाळाचा चरक फिरत होता. एकदा तर बैलाला घालायची शिवी सासऱ्याला घातली.

अशात एका दुपारी बघतो, तर सखू पदराखाली तांब्या झाकून श्रीपतीच्या मागल्या दारानं आत! मागं वास दरवळला. चहाचा! तोही आल्याचा! मला कधी घातलं होतं हिनं आलं?

मी पारावर धावलो. "उठा रं! तुमच्या साधूचं सोंग दावतो!" झोपलेले पाच-सहा गडी डोळे चोळत माझ्यामागं.

श्रीपती ओट्यावर दोर वळत बसला होता. "या राव. आज एवढी मंडळी?"

"तांब्या कुठाय?"

"कसला तांब्या?"

मी आत घुसलो, सखूच्या हातनं तांब्या हिसकावला आणि बाहेर येऊन नाचवला. "हा घ्या पुरावा! चहा हाय!"

"कशावरनं? काढा असंल," एक जण जांभई देत म्हणाला.

काढा? मी तांब्या तोंडाला लावला. पहिला घोट पुराव्यापुरताच होता हो, देवाशपथ! पण ते आलं, तो गूळ, ते म्हशीचं दूध... डोळे आपोआप मिटले. उघडले तेव्हा तांब्या रिकामा!

तेवढ्यात श्रीपतीची म्हातारी आई कपबशी घेऊन दारात आली.

"मेल्या, माजा च्या ढोसलास? ह्या श्रीपतीनं पुडी फेकली तवापास्नं माजा जीव कासावीस. म्हणून तुजी बायकू चोरून आणून देती मला!"

पारावरची मंडळी खो-खो हसायला लागली. श्रीपतीनं दोर खाली ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "असू दे, आये. सगळ्यास्नी न्हाई जमत."

ते ऐकून मी जास्त जळलो का गरम चहानं जास्त भाजलो, देव जाणे. मी मदतीच्या आशेनं सखूकडं बघितलं.

सखूनं रिकामा तांब्या माझ्या हातनं घेतला, उलटा करून झटकला आणि म्हणाली, "अवं, पुरावा घोटभर तरी शिल्लक ठिवायचा!"