डिम्फनाने उचललेली गत

मेंढा फाटकातून निसटला आणि जार्लथ फाटकावरून पडला, ही बातमी डिम्फना कॉन्सिडाइनला दुकानात सकाळपासून तीन जणांनी सांगितली. एकाच्या मते मेंढ्याने जार्लथला धडक दिली होती, दुसऱ्याच्या मते जार्लथने मेंढ्याला. तिसऱ्याने फक्त हसून घेतलं. दुपारी जार्लथ स्वतःच आला. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. आल्या आल्या फाटकाच्या बिजागऱ्या मागू लागला.

"मेंढा कसा आहे?" डिम्फनाने विचारलं.

"मजेत. माझी कुणी चौकशीच करत नाही."

"तू समोर दिसतोयस की. चौकशी कसली करायची?"

"बरं, ऐक. हा हात आता महिनाभर फिडलला लागायचा नाही. रविवारी महोत्सवाच्या तंबूत गत तू उचलायचीस, पहिले सूर तुझे."

डिम्फना बिजागऱ्या कागदात बांधत होती. तिचा हात थांबला. "मी? फिडेल्माला सांग."

"फिडेल्माने उचलली तर पहिल्याच फेरीत सगळ्यांना धाप लागेल. घराला आग लागल्यासारखी बासरी वाजवते ती."

"मग मुर्टी."

"मुर्टीला प्रत्येक गतीचा शेवट पाठ आहे. सुरुवात आठवली असती तर तो बॅन्जो कशाला वाजवत बसला असता?" जार्लथने पुडकं काखेत मारलं. "तुला जमत नसेल तर स्पष्ट सांग. समितीवाले आपली वेळ त्या स्कॉटलंडच्या बॅगपाइपवाल्यांना द्यायला टपलेत. बारा जण आहेत आणि बाराही जणांचे हात शाबूत."

तो गेला, आणि त्यानंतर आलेल्या गिऱ्हाइकाला डिम्फनाने कोंबड्यांच्या दाण्याऐवजी गवताचं बी दिलं.

कॅरिगमोर गावात शेतीसामानाच्या दुकानात ती तीस वर्षं उभी होती. कुणाच्या गाईला काय झालंय, कुणाच्या छपराला किती खिळे लागतील, हे तिला गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आधी समजायचं. नवरा व्हिन्सी मासेमारीच्या बोटीवर असायचा. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नसे, पण दर गुरुवारी तो बायकोची कॉन्सर्टिना काखेत घेऊन तिच्यासोबत पबमध्ये यायचा आणि कोपऱ्यात बसून अख्खी संध्याकाळ वर्तमानपत्र वाचायचा.

कॉन्सर्टिना तिच्या आईची. दोन तळहातांत मावणारी, सहा कोनांची, मधे भाता असलेली इवलीशी पेटी. चुलीशेजारच्या भिंतीत एक कोनाडा होता, तिथे ती राहायची, म्हणजे समुद्राची ओल तिला लागत नसे. आई संध्याकाळची भांडी आवरून झाली की हात पुसून वाजवायला बसायची. डिम्फना शेजारी उभी राहून म्हणायची, मला दे, मला दे. आई म्हणायची, "आधी ऐक."

तिने ऐकलं. इतकं ऐकलं की ऐकणं हाच तिचा स्वभाव होऊन बसला. जार्लथ, फिडेल्मा, मुर्टी आणि ती, चौघं चाळीस वर्षं एकत्र वाजवत आली होती. जार्लथ आपल्या फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, गत उचलायचा. दोन-चार सूर झाले की तिची कॉन्सर्टिना हळूच खालून येऊन मिळायची, आणि गतीला एकदम अंग भरल्यासारखं व्हायचं. ती नसली की सगळ्यांना चुकल्यासारखं वाटे. पण चाळीस वर्षांत एकही गत तिने स्वतः उचलली नव्हती. जार्लथने एकदोनदा आग्रह केला तेव्हा तिने चहा आणायच्या निमित्ताने पळ काढला होता. आपण दुसऱ्याच्या सुरात सूर मिळवणाऱ्या, हे तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं, आणि त्यात तिला कधी कमीपणाही वाटला नव्हता.

आता मात्र झोप उडाली. कारण या लोकांत एक रीत आहे. ज्याने गत उचलली त्याची ती गत. वेग त्याचा, वळणं त्याची, थांबायचं कधी तेही त्याचंच. बाकीच्यांनी फक्त मागे जायचं. तो दलदलीत शिरला तर दलदलीत. मधे थांबवून 'अरे, चुकलास' असं म्हणणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढ्यातून ताट ओढण्यासारखं.

तिने 'खाडीवरचा सुतार' ही गत निवडली. आईची आवडती. दुकानाच्या मागच्या खोलीत, चाऱ्याच्या पोत्यांमध्ये बसून ती जेवणाच्या सुट्टीत एकटीच वाजवू लागली. शुक्रवारी फिडेल्मा हॅमचं सँडविच खात दारात येऊन उभी राहिली.

"सुतार? बाई गं, तोच सापडला तुला?"

"का?"

"त्याची सुरुवात आणि 'मिसेस क्वेनची कोंबडी' या गतीची सुरुवात, जुळ्या बहिणी. भले भले दुसऱ्या भागाच्या वळणावर कोंबडीच्या मागे जातात."

"माहीत आहे. आई पण सांगायची, त्या वळणावर जपून."

"मग जप," फिडेल्मा म्हणाली, आणि उरलेलं सँडविच तिला देऊन गेली.

त्या जपण्यानेच घात केला.

रविवारी प्रार्थना आटोपून गाव तंबूकडे लोटलं. महोत्सवाला 'केल्टिक' हे इथल्या प्राचीन लोकांचं नाव समितीने बाहेरच्या पाहुण्यांसाठी ठेवलं होतं. गावात कुणी स्वतःला तसं म्हणवून घेत नसे. पण पाहुणे मात्र खरोखरच आले होते. ब्रिटनी प्रांताचे, स्कॉटलंडचे, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरचे. बाहेर भुरभुर चालू होती आणि तंबूत ओल्या लोकरीचा वास भरला होता.

मंचावर चार खुर्च्या लोकांकडे तोंड करून एका रांगेत मांडल्या होत्या. मुर्टी बसला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि उठून त्याने आपली खुर्ची फिरवली. "मला हिचा पाय दिसायला नको? मी काय लोकांची थोबाडं बघून ठेका धरू?" मग फिडेल्मानेही फिरवली. शेवटी चौघं पबमधल्यासारखीच गोल करून बसली आणि पहिल्या रांगेला मुर्टीची रुंद पाठ तेवढी दिसू लागली. जार्लथ प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून मधे बसला होता. वाजवणार नव्हता, तरी खुर्ची त्याचीच होती.

निवेदकाने वाकून विचारलं, "कोणती गत?"

"खाडीवरचा सुतार," डिम्फना म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, पण निवेदकाने तो माइकवरून साऱ्या तंबूला ऐकवला.

तिने थंड बोटं कॉन्सर्टिनाच्या पट्ट्यांत अडकवली. मागच्या रांगेत व्हिन्सीने वर्तमानपत्राची घडी घालून खिशात ठेवलेली तिने पाहिली. असं त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं, आणि त्यामुळे ती आणखीच घाबरली.

"पोरी," जार्लथ हळूच म्हणाला, "मेंढ्यापेक्षा वाईट काही होत नाही."

तिने पायाने ठेका दिला आणि गत उचलली.

पहिला भाग सुरेख गेला. फिडेल्मा आली, मुर्टी आला, आणि आपल्या मागे कुणीतरी चालतंय ही भावना तिला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कळली. वळण जवळ आलं. इथे कोंबडी नको, कोंबडी नको, असं ती मनात घोकत होती, आणि बोटं सरळ कोंबडीच्या दुसऱ्या भागात शिरली.

जार्लथचा पाय एक ठोका चुकला. फिडेल्माची एक भुवई वर गेली. पण रीत म्हणजे रीत. फिडेल्मा निमूट कोंबडीच्या मागे गेली. मुर्टी तर आनंदाने गेला. दुसरा भाग कुठला चाललाय हे त्याला एरवीही फारसं माहीत नसे.

आता सुतार सोडून कोंबडीच पुरी करावी, की पुन्हा सुताराकडे यावं? विचार करायला वेळ नव्हता. ती सुताराकडे आली. दुसऱ्या फेरीला त्याच वळणावर पुन्हा कोंबडी. आता नाइलाज होता. एकदा जशी उचलली तशीच ती तीनदा फिरवायला हवी. तिसऱ्या फेरीला मात्र काहीतरी झालं. सुताराचा उदास पहिला भाग संपून ती अवखळ कोंबडी आत उडी घेऊन शिरली तेव्हा मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. एक म्हातारं जोडपं उठलं आणि दोन रांगांमधल्या चिखलात नाचू लागलं.

थांबल्यावर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतला एक वयस्क फिडलवाला पुढे झुकला. त्याने तोच प्रश्न विचारला जो इथे विचारायची पद्धत आहे.

"कुणाकडून मिळाली ही?"

डिम्फनाने जार्लथकडे पाहिलं.

"अर्धी तिच्या आईकडून," जार्लथ म्हणाला.

"आणि उरलेली अर्धी?"

"भीतीकडून."

सगळे हसले, डिम्फनाही हसली. पुढच्या गती फिडेल्माने उचलल्या आणि खरोखरच सगळ्यांना धाप लागली. पण घरी आल्यावर डिम्फनाने कॉन्सर्टिना कोनाड्यात ठेवली ती जरा जोरातच.

"पुन्हा नाही उचलणार," ती म्हणाली. "चारचौघांत आईच्या गतीचं वाटोळं केलं मी."

व्हिन्सी बूट काढत होता. "ते मला काय कळतंय. मी एवढंच म्हणेन की आज पेपर वाचता आला नाही."

सोमवारी सकाळी ती दूध आणायला निघाली. गाव जरा सुस्त होतं. पबचं दार उघडं होतं आणि आतून फिडलचा आवाज येत होता. चार सूर, मग थांबणं, मग पुन्हा तेच चार सूर. ती येताना दाराशी थबकली. आत ब्रिटनी प्रांतातून आलेली दोन तरुण मुलं एका मोबाइलवर कान लावून बसली होती, आणि मोबाइलमधून तिचीच कॉन्सर्टिना वाजत होती. खिडकीशी जार्लथ एका हाताने ब्राऊन ब्रेडला लोणी लावायचा खटाटोप करत होता.

"इथे ती चुकली आहे," मुलगा म्हणत होता. "पुढे सुताराचाच दुसरा भाग हवा. मी सुधारून वाजवतो."

"चुकली कशी? तीनदा तसंच वाजवलंय. तीनदा तीच चूक कोण करेल?" मुलगी म्हणाली.

"सुताराचा वाजव. ऐक, किती नीट बसतो."

त्याने वाजवला. अगदी बरोबर वाजवला, आई वाजवायची तसा. डिम्फना दाराशी उभी राहून ऐकत होती. पण वळण आलं आणि तिच्या बोटांना कोंबडी हवी होती. ती आलीच नाही. ताटात मीठ राहून गेल्यासारखं वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं. जार्लथने सुरी खाली ठेवली.

"ते तसं नाही. ते आहे तसंच ठेवायचं. थांबा इथे, मी आलेच."

दुधाची बाटली टेबलावरच ठेवून ती घराकडे निघाली. निघाली म्हणजे जवळजवळ धावलीच.

"दूध घेऊन जा," मागून जार्लथ ओरडला, "नासेल इथे!"

"तू पिऊन टाक!"

परत आली तेव्हा तिचे केस वाऱ्याने विस्कटले होते आणि कॉन्सर्टिना अजून चुलीच्या उबेने कोमट होती. मुलीने खुर्ची पुढे सरकवली. त्या दोघांनी आधी सुरू करावं आणि आपण खालून मिळावं, हे तिच्या मनातही आलं नाही.

"आधी ऐका," ती त्यांना म्हणाली, पायाने ठेका दिला, आणि गत उचलली. वळण आलं तेव्हा ती जाणूनबुजून कोंबडीच्या मागे गेली.